साडेपाच तासांचंच तर अंतर

प्रिय आई, बाबा,

फोनवर विषय काढला की आई रडायला लागते आणि बाबा "बघ तुला काय ते" म्हणून फोन तिच्याच हातात देतात, म्हणून लिहितेय. सिंगापूरची नोकरी मी घेतली. होकार कळवून झालाय, पुढच्या महिन्यात निघायचंय. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं जा म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात, माहितीय मला.

"इतक्या लांब कित्याक गो" म्हणतेस ना आई, तर किलोमीटर नको, तास मोज. मुंबई ते सिंगापूर साधारण ३,९०० किमी, डायरेक्ट विमानाला साडेपाच तास, परत येताना वारा समोरून असतो म्हणून थोडे जास्त. आणि आपली कोकणकन्या? कुडाळला रात्री बसलं की पहाटे ठाणं. आत्ता पुण्याहून यायचं तरी रात्रभराची बस आहेच की. आता विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, मग मुंबईत उतरून गोव्यातल्या मोपाचं विमान, तिथून गाडीने घरी, हे सगळं धरलं तर दिवस मोडतो, ते लपवत नाही. पण सकाळी तुमचा फोन आला तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी खळ्यात उभी असेन. आजीच्या वेळी झालं तसं होऊ देणार नाही बाबा.

तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे तू सात वाजता दिवा लावतेस तेव्हा माझे साडेनऊ, जेवून मोकळी असेन, रोज फोन करेन. खाण्यापिण्याचं टेन्शन नको, लिटल इंडियात टेक्का मार्केटला कढीपत्ता, नारळ, मासे सगळं मिळतं, महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती पण बसतो. फक्त कोकमाचं आगळ आणि तुझा मसाला बॅगेत देशील ना?

आठवतं, एसटीने मुंबईला मामाकडे जाताना कशेडीच्या वळणांवर मला मळमळायचं, तू लिंबू हुंगायला द्यायचीस आणि बाबा उभ्याने यायचे, मला आडवं व्हायला मिळावं म्हणून. मुंबई तेव्हा जगाच्या टोकाला वाटायची. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पोचायचे ना मी, म्हणून मला कुठलाच प्रवास लांब वाटत नाही.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी कॅलेंडरमागे खोचून ठेवायची नाही, आठवड्याच्या डबीत भरायची आणि आईने बघायचं. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलंय, पाऊस संपेपर्यंत तिकडे जायचं नाही, पंप कशाला बसवलाय. नारळ पाडायला माणूस बोलवा, पैसे मी पाठवते. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नकोस गं, काकी येते म्हणालीय सोबतीला.

आणि डिसेंबरात तुम्हीच या माझ्याकडे. व्हिसा लागतो, पासपोर्टची मुदत पण सहा महिन्यांच्या वर हवी. विमानात मध्ये मध्ये उठून चालायचं, पाय सुजत नाहीत. दोघांचे पासपोर्ट लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, शेवटच्या तारखेचं पान नीट दिसेल असा फोटो काढून आजच पाठवा, बाकी फॉर्म मी भरते.

तुमची,
बाय