लग्नाचा कॅमेरा बातमीत नेताना

फोंडा, जून अखेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. लग्नाचे हॉल सोडून तू वर्तमानपत्रात रुजू होतोयस, छान वाटलं. हात तुझा तयार आहे, पण एक सवय मोडावी लागेल. लग्नात आपण बिनदिक्कत म्हणतो, "हार परत एकदा घाला." मोर्चात कुणाला "घोषणा परत द्या" म्हटलंस, की तो फोटो तू घडवलेला. रिबीन कापताना मंत्री कॅमेऱ्याकडे बघतात त्याचं मला काही वाटत नाही, त्यात कुणी फसत नाही.

आझाद मैदानावर पन्नास माणसं असली तरी 200 एमएमच्या लांब पल्ल्याच्या लेन्सने समोरून टिपली की चेहऱ्याला चेहरा चिकटतो आणि तुडुंब गर्दी वाटते. काही न खोडता फोटो खोटा होतो. म्हणून थोड्या उंचीवरून 24 एमएमच्या रुंद लेन्सची एक फ्रेम घेच, आणि डेस्कला, म्हणजे पान लावणाऱ्या संपादकांना, दोन्ही पाठव. उजेड, रंग, क्रॉप इतपत ठीक. पण मागची विजेची तार पुसायची नाही. 2006 मध्ये बैरूतच्या फोटोत धुराचे लोट वाढवल्याचं उघड झालं तेव्हा रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या फोटोग्राफरचे सगळे 920 फोटो विक्रीतून काढले. अल्बममधून पंख्याची वायर उडवणाऱ्या आपल्या बोटांना हे जड जाणार.

सगळ्यात अवघड किनाऱ्यावर. बागा-कळंगुटला कुणी बुडालं की मृतदेह वाळूवर असतो, भोवती मोबाईल. तू चेहरा टाळशील, पण घरचे माणूस ओळखतात ते हातातल्या कड्यावरून, गोंदणावरून, टी-शर्टवरून. पोलिसांचा फोन जायच्या आधी तुझा फोटो व्हॉट्सअॅपवर घरी पोचतो. जीवरक्षकांची पाठ, लाल बावटा, वाळूत राहिलेला चपलांचा जोड... नाही, चपलाही नकोत, त्याही ओळखतात. बावटा आणि समुद्र पुरे. आणि डेस्कवर भिस्त ठेवू नकोस. रात्री अकराला पान सोडणारा माणूस दमलेला असतो. जो फोटो छापायचा नाही तो पाठवायचाच नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पोक्सो हा कायदाच आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे चेहराच नव्हे, तर घर, शाळा, शेजार, कुटुंब, ज्यावरून मूल ओळखता येईल असं काहीही छापता येत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली आणि मागे युनिफॉर्मचा बिल्ला दिसला, तर गाव ओळखतंच. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ब्लरच्या भरवशावर न राहता फ्रेमच तशी घे: कोर्टाची पायरी, पोलीस स्टेशनची पाटी.

आता पावसाळा. एसी गाडीतून उतरलास की काचेवर धुकं येतं आणि दहा-पंधरा मिनिटं हटत नाही. उतरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद कर, बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावर काढ. पुसत बसलास तर पुन्हा धुरकटतो. समुद्रावरून आल्यावर जरा ओलसर कपड्याने कॅमेऱ्याची बॉडी पूस, सुक्याने नको, मीठ घासतं. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, नाहीतर दोन पावसाळ्यांत बुरशी.

आषाढात माशेलच्या चिखलकाल्याला, त्या चिखलात खेळायच्या उत्सवाला, दोन बॉडी ने, किंवा एकाच झूमवर भाग. मैदानात लेन्स बदललीस तर सेन्सर गेलाच म्हण. लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर आणि बॉडीवर रबरबँडने आवळलेली प्लास्टिकची पिशवी. चिखल उडतो तो खालून, म्हणून पिशवी तळापासून बांध.

कॅप्शनमध्ये नावं डावीकडून, शुद्धलेखन तिथेच विचारून. मोर्चातला माणसांचा आकडा तू मोजला असशील तरच लिही, नाहीतर "पोलिसांच्या मते" जोड.

नेमणूकपत्रावर सही करण्याआधी हक्काचं कलम वाच. वेगळा करार नसेल तर नोकरीत पेपरसाठी काढलेल्या फोटोचा हक्क मालकाचा, पण तो वर्तमानपत्र-मासिकात छापण्यापुरता; बाकीचा तुझाच. करारात "सर्व हक्क" असा शब्द घुसलेला असला तर विचार.

माशेलला येणार असलास तर कळव. जुनी चप्पल घालून ये, नवी परत मिळत नाही.

तुझा,
दत्ता