फोनवर सांगायचं राहिलेलं

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर "अण्णा, बाग कशी आहे?" विचारलंस आणि मी नेहमीसारखं "बरी आहे" म्हणालो. वर्षभर तुला हेच उत्तर दिलं. पुण्यात तुझं ऑफिस, खोलीचं भाडं, रोजची धावपळ. त्यात इकडचा घोर तुझ्या जिवाला कशाला, असं वाटायचं. पण आता पाडवा चार दिवसांवर आलाय, परवाच बेदाणा शेडवरून घरी आला. हे सगळं फोनवर बोलायला मला जमणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

यंदा बाग बरी नव्हती. दोन एकरांत सहा टन द्राक्षं निघाली. चांगल्या सालात आपण वीस टनांच्या खाली कधी आलो नाही, तुला माहीत आहे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा धरला तर दीड टन. पंधरा किलोच्या शंभर पेट्या. तेवढ्याच आल्या, त्या मी दोनदा मोजल्या.

याचं मूळ गेल्या मे महिन्यात आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली, म्हणजे जुन्या काड्या काढल्या, फूट जोरात आली. त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यातच पुढच्या हंगामाचा घड धरतो. छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत हे व्हावं लागतं आणि त्याला लख्ख ऊन लागतं. नेमका तेव्हाच २०२५ चा तो पाऊस लागला. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा होता, आणि आपल्याकडं तर त्याच्या आधीपासून आभाळ उघडत नव्हतं. काड्या हिरव्यागार, पानं तळहाताएवढी, रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. डोळ्यात काय चाललंय ते मात्र वरून दिसत नाही. त्यासाठी फळछाटणीपर्यंत थांबावं लागतं.

दसऱ्यानंतर फळछाटणी झाली, डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावली. तू दिवाळी करून परत गेलीस, त्याच्या पुढच्या आठवड्यात डोळ्यांतून कोवळे पोंगे उमलले. त्या पहाटे मी आणि आई बागेत गेलो. पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या वेलीपाशी आई थांबली. पोंग्याची दोन पानं तिनं बोटांनी अलगद बाजूला केली. आत घड नव्हता, नुसती बाळी होती, वेलीचा ताणा. पुढची काडी, तीही वांझ. त्या वेलीला बत्तीस काड्या होत्या, घड नऊ. आई काही बोलली नाही. पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या काडीपासून मोजायला लागली.

डिसेंबरात तू "पैसे पाठवू का?" विचारलंस. मी नको म्हणालो. औषधाच्या दुकानाची उधारी आईच्या बचत गटातून कर्ज काढून भागवली. घड कमी म्हणून फवारण्या कमी होत नाहीत, डाऊनी आणि भुरी हे रोग काय घड मोजून येत नाहीत. मागं एका व्यापाऱ्यानं पैसे बुडवले होते तेव्हा तू लहान होतीस, तेव्हा न सांगणं बरोबर होतं. आता तू सव्वीस वर्षांची आहेस. तुझ्यापासून लपवलं, हे माझं चुकलं.

सगळंच वाईट झालं असं नाही गं. त्याच मे महिन्यात शेतात पाय ठेवता येत नव्हता, तेव्हा मी मंदिरात बुवांकडं पखवाज शिकायला बसलो. लहानपणापासून मनात होतं, राहून गेलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर बोटं लवकर वळत नाहीत, पण बुवा रागावत नाहीत, पुन्हा वाजवा म्हणतात. डाव्या पुडीला कणीक लावावी लागते. ती कणीक आई रोज संध्याकाळी पोळ्यांच्या परातीतून लिंबाएवढी काढून ठेवते. फार सैल झाली तर नाद बसतो, घट्ट झाली तर सुटून पडते. आता आईलाच ती बरोबर कळते, मला विचारावंही लागत नाही. यंदाच्या सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री बुवांनी दोन अभंगांना मला साथीला बसवलं. ते पोंगे बघून आलो त्या दिवशीही संध्याकाळी मी वाजवायला गेलो होतो. घरी बसवलं नसतं मला.

आई स्कूटी शिकली! शेडच्या अंगणात, रॅक रिकामे होते तेव्हा, महिनाभर फेऱ्या मारून. जानेवारीत आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं. पुढच्या दोन्ही तपासण्यांना तासगावच्या स्टँडपर्यंत आईनंच तिला मागं बसवून नेलं, तिथून एसटीनं. पट्टी काढल्यावर आज्जीनं आधी आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती वाळलीस गं," म्हणाली. आईला इतकं रडताना मी कितीतरी वर्षांनी बघितलं. बारक्याचा बारावीचा पेपर चांगला गेला म्हणतो, तेवढंच सांगतो.

आता मुख्य गोष्ट. ओढ्याकडची एक एकर बाग काढायची ठरवली आहे. सतरा वर्षांची झाली, खोडं थकली. २००९ साली डॉगरीजच्या खुंटांवर कलमं भरली तेव्हा तू चौथीत होतीस. शाळा बुडवून दिवसभर माझ्यामागं फिरत होतीस आणि कलम बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकेक करून हातात देत होतीस. शेवटच्या ओळीतलं एक कलम तू हट्टानं स्वतः बांधलंस. गाठ सैल होती, मी नंतर बांधीन म्हटलं आणि विसरलो. तरी ते धरलं. यंदा त्या वेलीला एकवीस घड होते. त्यांचा बेदाणा वेगळा वाळवून घेतलाय, सव्वा किलो भरला. तो विकणार नाही.

मशीनवाल्याला पाडव्यानंतरच्या सोमवारी ये म्हणून सांगितलंय. तुला रजा मिळत असेल तर त्याच्या आधी ये. नाहीच जमलं तर मी त्याला आठवडाभर थांबवतो.

तुझे
अण्णा