नाना, तुमचा बल्ब अजून जीपच्या खणात आहे

तीर्थस्वरूप नानांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "ऱ्हाऊ दे माय" म्हणता आणि पपईचा भाव विचारता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते लिहीत नाही. शिवाय आमच्यासारख्या जुन्या जीपा धुळे-नंदुरबार-जळगावकडे अजून पुष्कळ घरांसमोर उभ्या आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं असं मनापासून वाटतं.

बाबा गेल्यावरची ती पहिलीच महाशिवरात्र. गोरक्षनाथांच्या यात्रेला ते दर वर्षी आईला याच महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधून तोरणमाळला न्यायचे. गाडी घेतली तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, तो १९९८ साली झाला. म्हणून नंबर प्लेटवर अजून धुळ्याचा एमएच १८ आहे. आईचं एकच म्हणणं होतं, जायचं तर ह्यांच्या गाडीतूनच.

त्याआधीच्या वर्षभरात मी या गाडीपायी रडकुंडीला आले होते. थंडीत चालू व्हायची नाही. चालू झाली तर चढावर आचके द्यायची. बॅटरी बसायची. एका ठिकाणी नवी बॅटरी घालून दिली, सहा महिन्यांत ती बसली म्हणून दुसऱ्या ठिकाणी आणखी एक. थंडीत इंजिन तापवणारे चारही हीटर प्लग बदलले, डिझेल फिल्टर दोनदा बदलला. गाडी मी चालवते, पैसे मी देते, पण प्रत्येक जण बोलायचा तो माझ्या भावाशी, आणि शेवटी म्हणायचा, भंगारात काढा. बाबांची गाडी भंगारात, हे आईसमोर कुणी म्हणालं की ती उठून आत जायची.

त्या पहाटे घाटात एका वळणावर गचका बसला आणि इंजिन बंद पडलं. मी सेल्फ मारत राहिले. तो कण्हल्यासारखा फिरायचा, मग तेही थांबलं. आई शाल घट्ट ओढून गप्प बसली होती. मागून प्रवाशांनी भरलेली गाडी आली, थांबली, आणि तुम्ही उतरलात. तुमच्या पिशवीत नारळ होता, आणि नारळाखाली पक्कड, नट खोलायचे दोन पाने आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा एक बल्ब. तुम्ही त्या गाडीवाल्याला "तुम्ही व्हा पुढे" म्हणालात. नाना, तुमचं त्या दिवशीचं दर्शन आमच्यासाठी राहिलं, हे मला आईने नंतर सांगितलं. तुम्ही तर बोललाही नाहीत.

बॉनेट उघडण्याआधी तुम्ही मला विचारलंत, मलाच विचारलंत: "बंद पडताना आचके दिले का एकदम गेली?" मी म्हटलं, आज एकदम गेली, पण एरवी चढावर आचके देते. तुम्ही म्हणालात, "मंग दोन दुखणी शेतस," म्हणजे दोन दुखणी आहेत. वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डिझेल कमी पडलं की इंजिन धडपडत, आचके देत मरतं. वायर सुटली की बटण दाबल्यासारखं जातं, हे त्या एका प्रश्नातून मला कळलं.

मग चावी फिरवायला सांगून तुम्ही डिझेल पंपाजवळ कान नेलात. आमच्या गाडीचा पंप मागे कधीतरी बदललेला आहे आणि त्यावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, आहे. चावी लावली की तो 'टक्' वाजायला हवा. वाजला नाही तर इंजिनला डिझेलच मिळत नाही. तो वाजला नाही. बल्बची एक वायर बॉडीला, दुसरी सोलेनॉइडच्या वायरीला लावलीत. बल्ब लागला नाही. वायर मागे मागे चाचपत गेलात आणि डॅशबोर्डच्या मागे काळ्या टेपची एक गाठ सापडली. टेप सोलली तर आत नुसती पिळलेली वायर, तांबं हिरवं पडलेलं, गचका बसला की सुटणारी. माझ्या वर्षभराच्या खर्चात ही गाठ कुणी उघडली नव्हती.

पण मला आयुष्यभर आठवेल ते त्यानंतरचं. सेल्फ तरी का कण्हतो, हे बघायला तुम्ही बॅटरीला हात लावला नाहीत. तुम्ही ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलंत आणि मला म्हणालात, "हात लाई देख, माय." केबल गरम होती. पहाटेच्या थंडीत, बंद इंजिनावर, ॲक्सिलरेटरची केबल चहाच्या कपासारखी गरम!

तुम्ही समजावलंत ते मी माझ्या शब्दांत लिहिते. बॅटरीचा निगेटिव्ह चॅसिसला जोडलेला असतो, पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चॅसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक अर्थिंगची पट्टी असते, करंट परत जायला. आमची पट्टी गंजून दोन-चार तारांवर आली होती. सेल्फ ओढतो तो करंट शंभर अँपिअरच्या वर. त्याला परत जायला वाट नाही, म्हणून तो मिळेल त्या बारीक केबलमधून जात होता आणि केबल तापत होती. आणि हीटर प्लगचं अर्थिंगसुद्धा इंजिनमधूनच, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचंही. म्हणजे थंडीत हीटर तापत नव्हते, बॅटरी पुरती चार्ज होत नव्हती आणि सेल्फ फिरत नव्हता, या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी ती एकच पट्टी. मी दोन बॅटऱ्या आणि चार हीटर प्लग उगाच घेतले होते.

मीटरने तर सगळीकडे साडेबारा व्होल्ट दाखवले होते, असं मी म्हटलं. तेव्हा तुम्ही बल्ब वर धरलात. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून एका तारेवर लटकलेला जोडही त्याला चांगलाच दिसतो. बल्ब करंट मागतो, म्हणून तिथे जोडाचं खरं-खोटं होतं. वरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून तुम्ही जंपर केबल मागितलीत, बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावलीत, आणि मला म्हणालात, मार सेल्फ. तो सेल्फचा आवाज, नाना! बाबा असताना यायचा तसा. आईने दार उघडून खाली पाय ठेवला आणि तिथेच, रस्त्यावर, डोळे पुसले.

दुसरं दुखणं तुमच्या अंगणात, परत आल्यावर. तिथे मी पाना धरला, तुम्ही फक्त सांगत होतात. फिल्टर नवा, पाणी काढलेलं, गळती कुठे एक थेंब नाही, तरी चढावर गाडी एअर घेत होती. गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक नळी तुम्ही फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तात्पुरती बसवायला लावलीत. इंजिन चालू केलं, आणि नळीतून बुडबुडे पळताना मी स्वतः पाहिले. टाकीकडून येणारी रबरी नळी क्लॅम्पखाली केसाएवढी चिरली होती. त्या बाजूला पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं. चढावर तोंड वर झालं की पंपाला जास्त ओढावं लागतं, हवाही जास्त शिरते.

नळी बदलली, डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घातले, हँड पंप मारून एअर काढली. स्क्रूतून आधी फेस आला, मग डिझेलची एकसंध धार, तेव्हा आवळला. हाताला वास दोन दिवस होता आणि मला तो चांगला वाटत होता. लेव्हलची नळी मात्र तुम्ही आठवणीने काढायला लावलीत. डिझेलने ती कडक होते आणि तडकते, तपासण्यापुरतीच लावायची.

पट्टी, रबरी नळी, क्लॅम्प, वॉशर, वायरीच्या टोकांचे लग. सगळं मिळून एका बॅटरीच्या दहाव्या हिश्शाएवढंसुद्धा झालं नाही. मजुरी विचारली तर तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधल्या दिवसांबद्दल बोलत राहिलात, आणि काढलेली पट्टी कागदात बांधून माझ्या हातात दिलीत. ती मी ठेवली आहे. गाडी विकायला सांगणाऱ्या भावाला मी तीच दाखवली. तो बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिला.

मला तुमचे आभार गाडीसाठी मानायचे आहेतच. पण त्याहून जास्त यासाठी, की तुम्ही पाना माझ्या हातात दिलात. "आधी आयकी ले, मंग पाना उचल" हे तुम्ही मला सांगितलंत, माझ्या भावाला नाही. परवा शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरचा सेल्फ फिरेना. मी तुमचा बल्ब घेऊन गेले. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली होती. गरम पाण्याने धुतलं, घासलं, आवळलं, आणि चालू झाला. काका मला "मिस्त्री" म्हणाले. घरी येऊन मी आधी बाबांच्या फोटोला सांगितलं.

आता मार्गशीर्ष आहे. सकाळी गाडी शेडमध्ये गार पडलेली असते. हीटरची चावी धरून मी दहापर्यंत मोजते आणि पहिल्या सेल्फला ती लागते. बाजारात भरिताची वांगी आली आहेत. आईने कपाशीच्या काड्या राखून ठेवल्या आहेत, भरीत त्यांच्यावरच भाजायचं म्हणते, सोबत कळण्याची भाकरी. येत्या रविवारी सकाळी मी जीप घेऊन तुम्हाला न्यायला येते. महाशिवरात्रीलाही तुम्ही आमच्याबरोबरच चला. आई पुढची सीट तुम्हाला देणार आहे, आणि या वेळी आधी दर्शन.

तुमची,
एमएच १८ वाली मुलगी