उद्या सातवा दिवस

निपाणी,
९ नोव्हेंबर २०२५, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोन तू आपटलास की मी, ते राहू दे. आवाज माझाच चढला होता. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. इंजेक्शनाचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

आधी सामानाचं. उद्या सकाळच्या बेळगाव गाडीत कंडक्टरकडे दोन गाठोडी देतो. परवापर्यंत उसाच्या दराच्या आंदोलनामुळं गाड्यांचा भरवसा नव्हता, नाहीतर मीच आलो असतो. एका गाठोड्यात गोणपाटाची पोती आहेत. आईनं ती दोनदा गरम पाण्यातून काढून गच्चीवर वाळवलीत. थंडी पडायला लागली, कुत्र्यांच्या पिल्लांखाली घाल. दुसऱ्यात वीस किलो कणी आणि घरची हळद. त्याच्या तळाशी कातड्याचे हातमोजे आहेत, वेल्डिंगवाले वापरतात ते, कोपरापर्यंत येतात. दहा-साडेदहाला सीबीटी बसस्टँडवर गाडी लागेल. दवाखान्यातून येता येता उतरवून घे.

आला बघ विषय. आता आलाच आहे तर लिहितो.

तुला १ तारखेला कुत्रं चावलं. रेबीजचं पहिलं इंजेक्शन घेतलंस ३ तारखेला. सुट्टी होती, ओपीडी बंद, बाजार बंद, सगळं मला मान्य. पण अपघात विभाग सुट्टीला बंद नसतो, हे तुला मी सांगायचं? कॅलेंडरवर मी गोल करून ठेवलेत: ३, ६, १० आणि १ डिसेंबर. तिसरा डोस उद्या. आणि जखमेत सीरम (लस लागू पडेपर्यंत रोखून धरणारं औषध) भरलं का, हे तुझ्याकडच्या त्या पोराला विचारलं तर तो गप्प बसला. रक्त आलं होतं एवढंच बोलला. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, सीरम लागतं, आणि पहिल्या इंजेक्शनापासून सात दिवसांच्या आतच ते देता येतं. म्हणजे उद्याच. डॉक्टरांना तू स्वतः विचार, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.

‘दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं असतं’ असं तू आईला म्हणालीस म्हणे. लक्ष कुणावर ठेवणार? ते हायवेवरून उचलून आणलेलं, कंबर मोडलेलं जनावर दुसऱ्या दिवशीच गेलं. गाडीच्या धक्क्यानं गेलं असेल, दुखण्यापायी चावलं असेल. असेलच. पण पिसाळलं होतं का, ते मेंदू तपासल्याशिवाय कळत नाही आणि तू त्याला पुरून टाकलंस.

माझ्या धाकट्या भावाचं, बाळूचं, मी तुम्हा पोरांना कधी नीट सांगितलं नाही. तो नऊ वर्षांचा होता, मी बारा. पोटरीला चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. आजी त्यालाच भ्याली. गंडा बांधून आणला, जखमेत मिरची भरली. जखम आठ दिवसांत भरली. दोन महिने पोरगा हुंदडत होता, माझ्याबरोबर विटीदांडू खेळला. मग एका संध्याकाळी म्हणाला, दादा, पोटरीत मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी मी पितळेचा पेला पुढं केला तर पाणी ओठाला लागायच्या आधीच त्याचा गळा आवळला. नंतर नंतर तर आमच्या आईनं पदर झटकला तरी त्या वाऱ्यानं दचकायचा. शुद्ध होती त्याला. माझ्याकडं बघत होता. एकदा लक्षण उमटलं की कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही उरत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पेला धरून उभाच होतो.

तुला भिववायला लिहिलं नाही. चिडू नकोस.

कुत्री सोड असं मी म्हणणार नाही. दिवाळीत म्हणालो होतो, चुकलो. फटाक्यांना भिऊन ती खाटेखाली घुसतात म्हणून तू सणाला आली नाहीस आणि मी नको ते बोललो. श्रावणात येळ्ळूर रस्त्याच्या शेडवर आलो होतो तेव्हा तू एका कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. कानामागं बोट जाईल एवढं भोक, आत किडे वळवळत होते. तू टर्पेंटाइनचे थेंब सोडलेस, थांबलीस, आणि ते वर यायला लागले तसे चिमट्यानं एकेक काढून वाटीत टाकत गेलीस. पाऊण तास. वास असा की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तू तिच्याशी बोलत होतीस, आई तुझ्याशी तापात बोलायची तशी. घरी येऊन आईला हे सांगताना माझाच गळा भरून आला.

नसबंदी झालेल्यांच्या कानाला ती खाच पाडतात ना, ती बघून मला माझा पंच आठवतो. एकोणतीस वर्षं तिकिटांना भोकं पाडली. भोक पाडलं की त्या माणसाचा हिशोब मिटला, तो निर्धास्त बसायचा. तुझ्याकडच्या त्रेचाळीस जणांच्या लसीची नोंद तू वहीत तारखेनिशी ठेवलीस. त्या वहीत तुझं पान नाही, मनू. आधीच तीन डोस घेऊन ठेवले असतेस तर आता दोनच पुरले असते आणि सीरमची गरजच नव्हती. त्या दोन्ही पोरांनाही घ्यायला लाव. परक्याची लेकरं आहेत ती.

शुक्रवारचा सुप्रीम कोर्टाचा आदेश वाचला असशील. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लस करून शेल्टरात ठेवायची, परत तिथं सोडायची नाहीत. आजवर जिथून उचललं तिथंच सोडायचा नियम होता. आपल्या डेपोत डिझेल पंपामागं पाच-सहा आहेत, रात्रपाळीचे ड्रायव्हर त्यांना पाव घालतात. ती कुठं जाणार? लोक तुझ्याच दारात आणून बांधतील, आणि तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे. जागा किती आहे, भाडं कसं भागतं, विचारणार होतो. पेन्शनीतले दोन हजार दर महिन्याला पाठवतो. आईला माहीत आहे, नको म्हणू नकोस.

लांबलं पत्र. बोलताना तू तोडतेस आणि मी ओरडतो, म्हणून लिहिलं. उद्याचं झालं की दवाखान्याच्या कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलवर टाक. मला फोन नाही केलास तरी चालेल.

तुझे,
बाबा

ता. क. हातमोजे अंदाजानं घेतलेत. तुझ्या कुठल्या हाताला चावलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.