आई-बाबांना: शाळेच्या खेळण्यासाठी काढलेली वर्गणी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "शाळेचं काम शाळेनं करावं, पालकांनी वर्गणी कशाला काढायची?" मी विषय बदलला, कारण घाईघाईत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

शाळेतलं ते जुनं लाकडी खेळणं तुम्ही पाहिलंयत, घसरगुंडी आणि शिडीवाला मनोरा. वरून धडधाकट होतं. खांब जमिनीत शिरतात तिथे मात्र स्क्रूड्रायव्हर सहज आत जाईल इतकं कुजलेलं. शिवाय लाकूड टिकावं म्हणून पूर्वी ते तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या द्रावणात मुरवत, तसलं. एका पालकांनी "जाळून टाकू" म्हटलं, पण जाळलं तर आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. ते वेगळं उचलून न्यावं लागलं, आणि त्याचाही खर्च वर्गणीतूनच.

नवं खेळणं बसवायला वर्गणी मागताना एक गंमत कळली. घसरगुंडीचा रंग कोणता यावर प्रत्येकाचं मत होतं, तिच्याखालच्या जमिनीबद्दल कुणालाच काही पडलेलं नव्हतं. खेळताना होणाऱ्या दुखापतींत सगळ्यात जास्त वाटा पडण्याचा. म्हणून लाकडाच्या चिपांचा थर दबून बसल्यावरही साधारण २३ सेंटिमीटर उरायला हवा, आणि तो जवळपास एक चतुर्थांश दबतो, म्हणजे सुरुवातीला साधारण ३० सेंटिमीटर चिपा ओताव्या लागतात. खेळण्याच्या चहूबाजूंनी निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. झोक्याला पुढे-मागे त्याहून बरीच जास्त, म्हणून झोके यंदा गळलेच. लोक कुरकुरले. मला तरी दाटीवाटीत बसवलेल्या झोक्यापेक्षा झोका नसलेला परवडला.

आई, हे तुझ्यासाठी. कठड्याच्या गजांमध्ये ९ ते २३ सेंटिमीटरची फट चालत नाही, कारण मुलाचं अंग त्यातून पार होतं आणि डोकं अडकतं. टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्यांचंही तसंच, घसरगुंडीच्या तोंडाशी नाडी अडकली की फास बसतो. तेव्हा नातीचं नवं जॅकेट शिवशील त्याला नाडी नको, बटणं लाव.

बसवण्याचं काम श्रमदानानं केलं, पण कंपनीचा माणूस डोक्यावर उभा होता. तो नसता तर वॉरंटीवर पाणी. खड्डे खणायला उत्साहानं आलेले बरेच जण दुपारनंतर दिसेनासे झाले. बोल्ट आवळायला शेवटपर्यंत थांबल्या त्या बैठकीत कधी तोंड न उघडणाऱ्या दोन आया. काँक्रीट घट्ट होईपर्यंत दोरी बांधून ठेवली, आणि ती दोरी सांभाळणं हे सगळ्यात अवघड काम ठरलं!

आता तुमचा प्रश्न. तो मला पूर्ण खोडता येत नाही, बाबा. ज्या शाळेतल्या पालकांकडे ना पैसा ना सुट्टी, तिथली मुलं कुजक्या खांबांवरच चढत राहणार. आम्ही पैसे भरले की वरच्या लोकांना हात झटकायला निमित्तही मिळतं. म्हणून पहिली पावती फाडण्याआधी शाळेकडून लिहून घेतलं: खेळणं शाळेच्या मालकीचं, जबाबदारी शाळेची आणि दरवर्षीची तपासणी शाळेच्या खर्चात. कुणी किती दिले ते फलकावर लिहायचं नाही, हेही ठरवून टाकलं. वाट पाहत बसलो असतो तर मात्र आपली नात तोवर शाळा सोडून गेली असती, आणि हे कारण थोडं स्वार्थी आहे हे मला कळतं.

थोडे पैसे उरलेत. चिपा दर काही महिन्यांनी वर-खाली कराव्या लागतात, नव्या भराव्या लागतात, त्यासाठी ते ठेवायचे आहेत. तुम्ही तारेला पावत्या ओवून हिशेब ठेवायचात, हे मी आमच्या खजिनदारबाईंना सांगितल्यापासून त्या तुमच्याकडूनच वही तपासून घ्यायची म्हणतात. पानांचे फोटो पाठवते. उरलेली रक्कम मुदत ठेवीत टाकावी की साध्या खात्यात, तेही कळवा. पुढच्या बैठकीआधी उत्तर मिळालं तर बरं होईल.

तुमची,
लेक