अर्ज भरताना पुन्हा जखम नको

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरची एक बाई मोफत वकिलासाठी ऑनलाइन अर्ज भरायला माझ्याकडे आली. दंडावरचा वळ ती पदराने झाकत होती. 'घटनेचे सविस्तर वर्णन करा' हा रकाना आला. ती सांगू लागली, थांबली, पाणी प्यायली. तेवढ्यात पान बंद पडले आणि लिहिलेले सगळे पुसले गेले. पुन्हा पहिल्यापासून सांगायचे म्हटल्यावर म्हणाली, "राहू दे बाय." शिवाय ओटीपी जाणार होता नवऱ्याच्या मोबाइलवर. घरात नंबर तोच एक.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकिलाचा हक्क आहे, तिची मिळकत कितीही असो. तो हक्क एका रकान्यात अडकावा याची मला फार चीड आली.

अशी संकेतस्थळे बनवणाऱ्यांनी मार खाल्लेल्या बाईला आधी जवळ बसवून विचारावे. अर्धा अर्ज आपोआप जतन व्हावा. मारहाणीचा तपशील सुरुवातीलाच कशाला? तो वकिलासमोर एकदाच सांगता यावा. कुणी खोलीत आले तर पान झटकन बंद करणारे बटण हवे. परदेशातल्या अशा अनेक संकेतस्थळांवर ते असते. तिला फोन कधी करावा, कोणत्या नंबरवर करावा, हे तिनेच ठरवावे. भाषा कोकणी आणि मराठीही हवी, सरकारी नव्हे, घरातली.

त्या बाईला मी मोफत कायदेशीर मदतीची १५१०० ही हेल्पलाइन लिहून दिली आहे. चिठ्ठी तिने तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.

– एक वाचिका, डिचोली