मदतकार्यात श्रद्धेइतकीच पूर्वतयारी हवी

संपादक महोदय,

गोदावरीचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात आणि पाणी चढू लागले की मंदिरे, गुरुद्वारा, मशिदी, चर्च यांच्या स्वयंपाकघरांत चुली पेटतात, ही या शहराची पुण्याई आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सराफ बाजारात पाणी शिरले, निफाड तालुक्यातील सायखेडा व चांदोरी वेढली गेली. अशा वेळी सर्वांत आधी धावून येतो तो शेजारचा सेवेकरीच.

मात्र सेवाभावी मंडळाच्या बैठकीत कोणी याद्या आणि हिशेबाचा विषय काढला की ‘देव करून घेईल, तुम्ही सुरुवात करा’ असे उत्तर मिळते. या भावनेबद्दल मला मनापासून आदर आहे. अनोळखी माणसासाठी पुराच्या पाण्यात उतरण्याचे बळ तिच्यातूनच येते. परंतु तोच भरवसा पूर्वतयारी टाळण्याची सबब ठरला, तर त्याची किंमत पूरग्रस्ताला मोजावी लागते. रस्त्यालगतच्या वस्तीत एकाच दुपारी तीन टेम्पो खिचडी घेऊन येतात आणि आतल्या गल्लीतील चाळीकडे रात्रीपर्यंत कोणी फिरकत नाही. गरम खिचडी पिशवीत भरून तोंड बांधले की दमट हवेत ती काही तासांत आंबते. समाजमंदिराच्या ओट्यावर जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडतात आणि त्याच ओट्यावर टेकलेली बाळंतीण कोरडे दुपटे व उकळलेले पाणी मागत असते. मधुमेही आजोबांचे इन्सुलिन थंड कुठे ठेवायचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

गोदावरीवरील गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग होणार, याची सूचना प्रशासन आधी देते. त्या अवधीत कोणाला फोन करायचा, सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे, अंथरुणाला खिळलेली माणसे कोणत्या घरांत आहेत, हे वहीत आधीच लिहिलेले असावे. नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यालगतच्या गावांना एका वेळच्या जेवणापेक्षा कोरडा शिधा, ताडपत्री आणि क्लोरीनच्या गोळ्या यांचा उपयोग अधिक होतो. पाण्यात उतरणाऱ्या स्वयंसेवकांना दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका असतो, म्हणून गमबूट आणि डॉक्टरांचा सल्ला यांची सोयही आधीच व्हायला हवी. देणगीचा जमाखर्चही फलकावर लागावा. भाविक पावती न मागता पैसे देतो, म्हणून ही जबाबदारी अधिकच वाढते.

२७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीला येथील अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविकांचे प्राण गेले. त्या गर्दीत श्रद्धा कमी होती असे कोणीही म्हणणार नाही. आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू असताना धार्मिक संस्थांनी अन्नछत्रांबरोबरच आपत्तीचाही विचार करावा.

माझी विनंती एवढीच आहे, की प्रत्येक संस्थेने पावसाळ्यापूर्वी एक बैठक घ्यावी. बैठकीची सुरुवात प्रार्थनेने जरूर व्हावी आणि उठण्यापूर्वी पोहता येणाऱ्या स्वयंसेवकांची, वाहनांची व स्वयंपाकघराच्या क्षमतेची यादी तयार होऊन महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे पोहोचवण्याचे काम कोणाकडे, तेही ठरावे. कक्षानेही त्या याद्या पाहून प्रत्येक संस्थेला प्रभाग वाटून द्यावेत आणि ती वाटणी आपल्या वृत्तपत्रातून प्रसिद्ध व्हावी.

आपला,
एक सेवेकरी,
पंचवटी, नाशिक